एक वजा करून

मंगळवार, १३ मार्च

रत्ती,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील. फेकायचं तर फेक, पण निदान वाचून मग फेक.

आई हॉस्पिटलमध्ये आहे. तिला स्तनाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, केमो चालू आहे, एवढं मामेबहिणीने तुला सांगितलंच असणार. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिसरा डोस दोन तारखेला झाला. रविवारी ताप आला. लगेच नेलं. आता आयसीयूत आहे आणि शुद्धीवर नाही.

रक्तात इन्फेक्शन पसरलंय. केमोने गाठीच्या पेशींबरोबर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही मरतात, आणि डोसानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात त्या सगळ्यांत कमी असतात. हजारोंनी असायला हव्यात, आईच्या दोनशे आहेत. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, स्पष्ट बोलतात. "वाचतील की नाही, तीन दिवस काही सांगता येणार नाही," म्हणाल्या. मी "बरं" म्हणाले. दुकानात गिऱ्हाईक वजनकाटा दुरुस्तीला टाकून "परवा नेतो" म्हणालं की म्हणते ना, अगदी तसंच.

फोन करायला हवा होता, कळतं मला. पण फोनवर तू "किती वाजता?" विचारलं असतंस. तुझी सवयच ती. पत्राला मधेच तोडून काही विचारता येत नाही.

माझं ठीक आहे. खरं सांगायचं तर मला काहीच वाटत नाहीये. बाहेरच्या खुर्चीत बसते. समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत याची सहा चित्रं आहेत, ती बघते. भूक लागली की खाते. लोक येऊन "धीर धरा" म्हणतात. धीराचं काय, तो सुटायला आधी काहीतरी वाटावं लागतं.

येण्याची घाई करू नकोस. आत एका वेळी एकालाच सोडतात, तेही मास्क आणि झगा घालून, दहा मिनिटं.

एक सहज विचारायचं होतं. कपाटातल्या बाबांच्या थर्मामीटरला तू कधी हात लावला होतास का?

ताई


शुक्रवार, १६ मार्च

रत्ती,

तुझे चार फोन येऊन गेले, उचलले नाहीत. "आई?" असा मेसेज आला, त्याला मी "तशीच" असं उत्तर दिलं. आपल्या दोघांचं मिळून एक धड वाक्य होत नाही.

तशीच म्हणजे अशी. किडन्यांनी काम थांबवलं म्हणून दोन दिवस मशीनने रक्त साफ केलं. रक्तदाब टिकवायला एक औषध सारखं चालू आहे, त्याच्या मशीनवर आकडा दिसतो. काल आठ होता, आज सहा. तो कमी होणं चांगलं. मी आत गेले की आईकडे नंतर बघते, आधी तो आकडा बघते. काटेवाल्याची पोर ना.

गेल्या पत्रात लगेच नेलं असं लिहिलं. लगेच म्हणजे अगदी लगेच नाही. तासभर गेला असेल.

आपलं घर आठवतं ना तुला? भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे. न्हाणीतला वजनकाटा दोन किलो कमी दाखवणारा. ओव्हन तीस अंश जास्त तापणारा. आणि थर्मामीटर एक डिग्री जास्त. सगळ्या बाजाराचे काटे बाबांनी बरोबर केले आणि घरात दिव्याखाली अंधार. आई बोलायला लागली की त्यांचं ठरलेलं, "घरच्यांना चूक माहीत आहे ना? मग ती चूक नाही." तू शाळा बुडवायला नव्व्याण्णव ताप घेऊन आलास की ते पेपरमधून मान वर न काढता म्हणायचे, "एक वजा. अठ्ठ्याण्णव. दप्तर उचल."

आठ वर्षांपूर्वी, बाबा जाऊन आठवडाच झाला होता. मी दुकानातून आले तर तू स्टुलावर, हातात घड्याळ, टेबलावर वजनकाटा उघडलेला, ओव्हनची मागची पाटी काढलेली. मी काय काय बोलले ते तुला पाठ असेल. "बाबांच्या चुका पुसायला बसलास का? परत या घरात पाऊल ठेवायचं नाही." सगळे स्क्रू जागच्या जागी बसवलेस आणि गेलास. त्याच संध्याकाळी मी घड्याळ पुन्हा सात मिनिटं पुढे केलं. वजनकाटा बरोबर दोन किलोने बिघडवला, ओव्हनही पहिल्यासारखा केला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते आपल्याच घरी कुणीतरी डोकावून गेलं असेल तेव्हा सुचलं असणार.

हे आत्ता कशाला, असं म्हणशील. सांगते. केमो सुरू करताना नर्सने पिवळं कार्ड दिलं होतं. ताप शंभर पॉइंट चार झाला की वाट बघायची नाही, उठायचं आणि यायचं. हुडहुडी भरली तर ताप नसला तरी यायचं. तापाची गोळी आधी द्यायची नाही, ताप झाकला जातो. दारातच सांगायचं की केमो चालू आहे. "घरात चांगला थर्मामीटर आहे ना? नसेल तर आजच नवा घ्या," नर्स म्हणाली.

मी म्हणाले, "अहो, आमचा धंदाच तो."

ताई


रविवार, १८ मार्च

रत्ती,

काल तुझं पत्र आलं. एवढा मोठा कागद आणि त्यावर एक ओळ. "हो, बदलला होता. का?"

का, ते सांगते.

रविवारी सकाळी साडेदहाला आईने पांघरूण मागितलं. सकाळ गारच होती. मी थर्मामीटर लावला, एकशे एक पॉइंट दोन. एक वजा करून शंभर पॉइंट दोन. कार्डावरची हद्द शंभर पॉइंट चार. आईला म्हणाले, "शंभर पॉइंट दोन आहे, दोन पॉइंटांनी वाचलीस." ती म्हणाली, "बरं झालं बाई." बारा वाजता पुन्हा लावला, एकशे एक पॉइंट तीन. एक वजा. मी म्हणाले, "अजून एक पॉइंट बाकी आहे." असं म्हणाले मी, रत्ती, जणू आम्ही पत्ते खेळत होतो.

दोन वाजता तिने मला "अक्का" म्हणून हाक मारली. अक्का म्हणजे तिची थोरली बहीण, जाऊन वीस वर्षं झाली. "अक्का, ह्यांनी दुकान बंद केलं का गं?" विचारायला लागली. ओठ पांढरे पडले होते. थर्मामीटर एकशे तीन पॉइंट एक. आणि ऐक, तेव्हाही मी आधी वजाबाकी केली. एकशे दोन पॉइंट एक आला तेव्हा कुठे चपला शोधल्या. अडीचला निघालो.

साडेदहा ते अडीच. तासभर नव्हे. चार तास.

हॉस्पिटलच्या दारात कार्ड दाखवलं. पुढचं सगळं त्यांनी धावत केलं, चाळीस मिनिटांत अँटिबायोटिक शिरेतून सुरू झालं. नर्सने मशीन लावून ताप मोजला आणि मोठ्याने सांगितला, "एकशे तीन पॉइंट एक." मी म्हणाले, "रस्त्यात वाढला वाटतं." तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खुर्चीत येऊन बसले आणि मग तो आकडा डोक्यात फिरायला लागला. तोच आकडा. वजा न केलेला.

सोमवारी सकाळी घरी आले ती कपडे घ्यायला, पण आधी औषधाच्या दुकानातून नवा थर्मामीटर आणला. बाबा करायचे तसं केलं. कपात कोमट पाणी, दोन्ही एकत्र बुडवले, पाच मिनिटं धरले. नवा नव्व्याण्णव पॉइंट सहा. आपला नव्व्याण्णव पॉइंट सहा. केसाएवढा फरक नाही. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. मग कप धुतला आणि पालथा घालून ठेवला.

काचेचा थर्मामीटर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो, हे मला कळायला हवं होतं. पण तू तसाच हुबेहूब आणून तो ठेवायच्या त्याच जुन्या नळीत घातलास. गेली आठ वर्षं मी एकशे एक ताप अंगावर घेऊन दुकान उघडलं असेन आणि स्वतःला म्हटलं असेल, नाटकं नकोत, शंभरच तर आहे.

मला तुझा राग आलाय. या आठवड्यात मला वाटलेली ही पहिली गोष्ट, म्हणून सांगते. दुरुस्त केलेल्या काट्याला चिठ्ठी बांधल्याशिवाय आपण तो गिऱ्हाइकाला देत नाही. बाबांनी तुझे कान पिळून शिकवलं होतं. मग घरच्या वस्तूला चिठ्ठी नको? मी हाकललं तेव्हा जाता जाता एक वाक्य टाकता आलं नसतं? तोंडाला कुलूप लावून निघून जायचं आणि मागे असा सापळा ठेवायचा!

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, ताप पहिल्यांदा कधी दिसला. मी दुपारी दीड सांगितलं. त्यांनी फाइलमध्ये दीडच लिहिलंय.

औषधाचा आकडा आज चार.

ताई


शनिवार, २४ मार्च

रत्ती,

आई शुद्धीवर आली. बुधवारी डोळे उघडले, काल वॉर्डात आणलं. पांढऱ्या पेशी दोन हजारांवर गेल्या. मरणाच्या दारातून परत आली, असं शेजारच्या खाटेवरच्या बाई म्हणतात. एका औषधामुळे असेल, पण ऐकायला फार कमी येतं. ते परत येईल न येईल, सांगत नाहीत. चालताना दोन माणसं लागतात.

मला आनंद झाला असावा. मी जिन्यात जाऊन उभी राहिले आणि काहीतरी होईल म्हणून वाट बघितली. कुणीतरी फरशी पुसत होतं, ते म्हणालं, "बाई, पाय उचला." उचलले.

आता जे सांगायचंय ते. आयसीयूतून तिच्या वस्तूंची पिशवी दिली. कवळी, कंगवा, जो आता कशाला लागतो देव जाणे, आणि चष्म्याची डबी. डबी उघडली तर चष्म्याखाली कागदाची घडी. आपल्या दुकानाची चिठ्ठी, भोकातून दोरा घालतो ती. तुझं अक्षर. "नवा घातला आहे. तपासून. वजा करू नये." खाली तारीख, मी तुला हाकललं त्याच दिवसाची.

म्हणजे तू बांधली होतीस. गेल्या पत्रात मी लिहिलेलं तू वाचलंही असशील एव्हाना. सापळा वगैरे.

आईला विचारायचं तर ओरडून विचारावं लागतं. सहा खाटांच्या वॉर्डात मी भर दुपारी किंचाळत होते, "चिठ्ठी तू काढलीस का?"

"अगं हळू," ती म्हणाली, जणू तिलाच सगळं ऐकू येत होतं. "मीच काढली. तू रागात होतीस. घड्याळ फिरवलंस, वजनकाटा बिघडवलास. चिठ्ठी दिसली असती तर थर्मामीटर फोडला असतास. आणि चिठ्ठी फाडली असतीस."

"मग?"

"त्याचं अक्षर होतं गं. दुसरं काय होतं माझ्याकडे?"

आठ वर्षं चष्मा काढताना रोज बघत होती म्हणे. मी म्हणाले, "मग त्या रविवारी मी एक वजा करत होते, तेव्हा का नाही बोललीस?" ती म्हणाली, "तू कुठे वजा केलंस? तू म्हणालीस शंभर पॉइंट दोन. मला वाटलं दिसला तोच आकडा सांगतेयस. इतक्या वर्षांत तुझ्या लक्षात आलंच असेल, असं मी धरून चालले."

तिला थर्मामीटर बरोबर आहे हे माहीत होतं, आणि मी वजाबाकी मनात करते हे माहीत नव्हतं. तुझं नाव काढलं की मी उठून आत जायचे, म्हणून आठ वर्षांत हा विषय एकदाही निघाला नाही. यात तुझी चूक कुठे शोधायची म्हणून मी काल रात्रभर शोधली. सापडत नाही.

सापळा हा शब्द मी मागे घेते.

ताई


शुक्रवार, ३० मार्च

रत्ती,

तुझं पत्र मिळालं. चक्क दोन ओळी. "यात तुझा दोष नाही. थर्मामीटर बदलल्याचं मी तोंडाने सांगायला हवं होतं." माझ्या शिव्या खाऊन वर हे. लहानपणीही कप मी फोडायचे आणि बशी धरून उभा तू राहायचास.

म्हणून हे पत्र. हे लिहिलं नाही तर तुझं ते वाक्य मी जन्मभर उशाशी घेऊन झोपेन, आणि ते खरं नाही.

त्या रविवारी साडेअकराला मी हॉस्पिटलच्या नंबरवर फोन केला होता. हे तुला सांगितलं नव्हतं. ताकास तूर लागू दिली नाही. नर्सने ताप विचारला, मी वजा केलेला सांगितला, ते एक झालं. मग तिने विचारलं, "हुडहुडी भरलीये का? थरथरतायत का?" आई माझ्यासमोर पलंगावर होती. दोन पांघरुणांखाली. दोन्ही हातांनी चहाचा कप धरलेला आणि चहा पांघरुणावर सांडत होता, इतकी थरथरत होती. दात वाजत होते. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. नको.

दुसऱ्या डोसानंतर असाच ताप आला होता तेव्हा लगेच नेलं होतं. दिवसभर बसवलं, शीर सापडेना म्हणून सात वेळा टोचलं, आणि शेवटी काही निघालं नाही. घरी आल्यावर आई भिंतीकडे तोंड करून रडली होती. बाबा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. ते मला पुन्हा बघायचं नव्हतं. तिला त्रास नको म्हणून, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे मला बघवणार नव्हतं.

मी नर्सला म्हणाले, "नाही, तसं काही नाही."

"मग तासाभराने परत मोजा," ती म्हणाली.

थर्मामीटर तू बदललास, चिठ्ठी आईने काढली, आकडा मी चुकीचा वाचला, सगळं खरं. पण कार्डावर लिहिलं होतं, हुडहुडी भरली तर ताप न बघता या. थंडी बघायला थर्मामीटर लागत नाही. ती मला दिसत होती. मी वीस दिवस त्या काचेच्या नळीच्या मागे लपून बसले आणि तुलाही तिथेच उभं केलं.

काल डॉक्टरीणबाईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी फाइलमधलं दीड खोडून साडेदहा केलं आणि पुढे "थंडी होती" असं लिहिलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "पुढच्या वेळी सात वेळा उगाच या, चालेल." मग मला रडू आलं, रत्ती. तिथेच, त्यांच्या टेबलापाशी. बराच वेळ. त्यांनी कागदी रुमालांचा खोका माझ्याकडे सरकवला आणि पुढच्या पेशंटला थांबायला सांगितलं.

आई परवा घरी आली. पुढचा डोस नऊ एप्रिलला. कमी ताकदीचा देणार, आणि पांढऱ्या पेशी वाढायला इंजेक्शनही देणार. घ्यायचा की नाही, हे आईवर सोडलं होतं. तिने नीट ऐकू आलं नाही असं दाखवून तीनदा विचारायला लावलं आणि मग म्हणाली, "घ्यायचा. एवढं सोसलं ते काय वाया घालवायला?"

म्हणजे सोळा ते तेवीस एप्रिल हे दिवस वाईट. त्या दिवसांत मला एकटीला तिच्यासमोर थर्मामीटर धरायचा नाही. दुकानात मी सोनाराचा काटा आजही चिमट्याने वजनं उचलून बरोबर करते, हात कापत नाही. घरी मात्र आकडा दिसला की मी काहीतरी करायला जाते. तो नुसता बघून मोठ्याने सांगणारं माणूस हवंय. आणि आईने मान हलवली तरी तिला उचलून गाडीत बसवणारं.

या घरात पाऊल ठेवू नकोस असं मी म्हणाले होते. ये. पंधराला ये आणि तेवीसनंतरही राहायचं तर राहा. सर्दी-खोकला असेल तर मात्र बरा होऊन ये. आलास की आधी साबणाने हात धू, मग तिच्याजवळ जा. मोठ्याने बोलावं लागेल, त्याची सवय कर. तुझी चिठ्ठी तिच्या डबीतच आहे, मी परत ठेवली.

घड्याळ मी बरोबर लावलंय, वजनकाटाही. त्यामुळे दुकानात दोनदा उशिरा पोहोचले आणि माझं वजन दोन किलोने वाढलं. ओव्हनला हात लावलेला नाही, तो तुझ्यासाठी ठेवलाय.

आज सकाळी आठ वाजता आईचा ताप अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. दिसला तसा लिहिलाय.

ताई